गोळ्या सुरू झाल्या, आता घरी काय सांगायचं?

तुम्ही नुकतेच मानसोपचारतज्ज्ञांच्या दवाखान्यातून बाहेर पडलात. पिशवीत पंधरा दिवसांच्या गोळ्या आहेत, एसटीत खिडकीजवळ जागाही मिळाली आहे, आणि डोक्यात एकच घोळ चालू आहे: घरी गेल्यावर कुणी विचारलं, कुठं गेला होतास, कुठं गेली होतीस, तर काय सांगायचं? हा लेख त्या एसटीतल्या माणसासाठी लिहिते आहे.

मी कराड तालुक्यात एका पतसंस्थेत नोकरी करते. 2016 च्या सप्टेंबरमध्ये मला नैराश्याचं निदान झालं. धाकटी तेव्हा दीड वर्षाची होती. पहिले चार महिने मी गोळ्यांची पाकिटं तिळाच्या डब्यात लपवली, कारण आमच्या घरी तो डबा वर्षातून एकदाच, संक्रांतीला खाली निघतो. सगळे झोपले की अंधारात स्वयंपाकघरात जायचं, झाकणाचा आवाज होऊ द्यायचा नाही, गोळी गिळायची आणि पाकीट परत तिळात खुपसायचं. मग संक्रांत आली आणि डबा सासूबाईंनी उघडला. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. पाकीट हातात धरून आत्यांनी विचारलं, "हे कशाचं गं?" गुळाचा पाक गॅसवर होता आणि मी रडत रडत तोंडाला येईल ते बोलत सुटले. त्यातून झालेले गैरसमज निस्तरायला सहा महिने गेले.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. कुणीतरी आपल्याला समजून घेईल म्हणून वाट बघत बसायचं नाही. त्याची तयारी करायची, घरातल्या कार्याची करतो तशी: कुणाला आधी सांगायचं, कुणाला नंतर, कुणाला किती.

आधी स्वतःला कळू द्या

आपल्यालाच नीट माहीत नसलं तर समोरच्याच्या पहिल्याच प्रश्नाला आपण गडबडतो. सरकारी दवाखान्यात गर्दी असते, डॉक्टर घाईत असतात, म्हणून प्रश्न घरूनच लिहून न्या. केसपेपरच्या मागे लिहिले तरी चालतं. मला जे झालंय त्याला काय म्हणतात? ही गोळी कशासाठी? गुण कधी येईल? सुरुवातीला काय त्रास होईल? साधारण किती महिने घ्यावी लागेल? उत्तरं तिथंच बसून लिहून घ्या. दडपणाखाली ऐकलेलं बाहेर येईपर्यंत निम्मं विसरलेलं असतं.

नैराश्य आणि चिंता यांवर हल्ली सहसा ज्या गोळ्या सुरू करतात, त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहाही. त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात होऊ शकतो. मळमळतं, डोकं दुखतं, झोपेची उलटापालट होते. म्हणजे आधी त्रास आणि मग गुण. हे कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून लोक दहाव्या दिवशी गोळी सोडून देतात. मीही एकदा सोडली होती. बरं वाटायला लागल्यावरसुद्धा पहिल्या आजारपणात साधारण सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवतात आणि नंतर डॉक्टर ती हळूहळू कमी करतात. मनानं एकदम बंद करू नये. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींना सुरुवातीच्या आठवड्यांत कधी बेचैनी वाढते, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचारही वाढू शकतात. तसं काही दिसलं तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नये, लगेच डॉक्टरांना गाठावं.

थायरॉईड कमी असेल किंवा बी-12 कमी असेल तरी माणूस असाच मरगळतो. ती रक्ततपासणी झाली नसेल तर डॉक्टरांना विचारा. आणि कोण कोण आहे हेही माहीत असू द्या: मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो आणि औषध देतो, मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलण्यातून उपचार करतात, ते गोळ्या लिहून देत नाहीत. बऱ्याच जणांना दोन्ही लागतं.

आजाराचं नाव सांगू नका, एक तास सांगा

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे, म्हणून इथं जरा थांबते.

"मला डिप्रेशन आहे" असं मी यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अगं, टेन्शन सगळ्यांनाच असतं." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. डिप्रेशन हा शब्द त्यांनी टीव्हीवर ऐकला होता, पावसाच्या बातम्यांतही ऐकला होता, आणि त्यांच्यासाठी त्याचा अर्थ होता वाईट मूड. त्या शब्दानं माझं आजारपण त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही.

पुढे कितीतरी दिवसांनी मी त्यांना सकाळचा एक तास सांगितला. सहाला जाग येते. डोळे उघडल्या उघडल्या छातीवर पाटा ठेवल्यासारखं जड वाटतं. मोरीत जाते, ब्रश हातात घेते आणि त्यावर पेस्ट लावायची हे काम डोंगराएवढं वाटतं. टोपण उघडायचं, ट्यूब दाबायची, टोपण लावायचं, ही तीन कामं वाटतात. ब्रश हातात धरून मी दहा-दहा मिनिटं उभी असते. बाहेर मुलगी रडत असते, तिचं रडणं ऐकू येतं, पण पाय हलत नाहीत. मग मला वाटतं की मी आई म्हणून नालायक आहे, आणि त्या विचारानं पाय आणखी जड होतात.

हे ऐकताना यांनी एकच विचारलं, "म्हणून तू मोरीत इतका वेळ असायचीस?" त्यांना वाटायचं मी फोन बघत असते. दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीतल्या कठड्यावर ब्रश ठेवलेला होता, पेस्ट लावून.

तेव्हा कागद घ्या आणि तुमचा सगळ्यात अवघड तास लिहा. विशेषणं नकोत, फक्त काय होतं ते. आजार वेगळा असेल तर तास वेगळा असेल. उन्माद येणाऱ्या माणसाला सांगता येईल की तीन रात्री झोपलो नाही तरी थकवा नव्हता, आणि तिसऱ्या दिवशी उधारीवर चार मिक्सर घेऊन आलो. ज्याला आवाज ऐकू येतात त्यानं सांगावं की घरात कुणी नसताना नावानं हाक येते, आणि ती तुमच्या हाकेइतकीच खरी असते. ऐकणाऱ्याला आजार कळला नाही तरी चालेल. त्याला तो तास दिसला पाहिजे.

पहिला माणूस निवडताना

पहिला माणूस जवळचाच हवा असं नाही. आई सर्वांत जवळची असते, पण "माझंच काय चुकलं" म्हणून तीच कोसळली तर तुम्हाला आपलं दुखणं बाजूला ठेवून तिलाच सावरावं लागतं. तीन गोष्टी बघा. त्याला पोटात गोष्ट ठेवता येते का? कुणाच्या आजारपणात तो माणूस दवाखान्यात नुसता बसलेला तुम्ही पाहिला आहे का? आणि तुम्ही बोलत असताना तो मध्येच उपाय सांगतो का?

माझ्यासाठी ती माझी थोरली जाऊ होती, आम्ही तिला अक्का म्हणतो. सातवी शिकलेली. आमचं फार गूळपीठही नव्हतं. पण मामंजींचं ऑपरेशन झालं तेव्हा ती अकरा दिवस त्यांच्या खाटेशी बसली होती आणि घरी येऊन एकदाही त्याचा उच्चार केला नाही. भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो होतो तेव्हा मी तिला तो तास सांगितला. ती शेंगा फोडत राहिली. माझं संपल्यावर म्हणाली, "मग आता मी काय करू सांग."

हा प्रश्न आला की आपल्याकडे उत्तर तयार पाहिजे, नाहीतर आपण "काही नाही गं" म्हणतो आणि आलेला माणूस परत जातो. मी तीन गोष्टी मागितल्या होत्या. सल्ला देऊ नकोस. मी सांगेपर्यंत कुणाला सांगू नकोस. आणि पुढच्या तारखेला माझ्यासोबत ये.

शिकलेला माणूसच हे समजू शकतो असं वाटत असेल तर गोव्याचं उदाहरण सांगते. तिथं 1996 पासून संगत नावाची संस्था काम करते. त्यांनी मानसोपचाराची पदवी नसलेल्या गावातल्याच माणसांना शिकवून तयार केलं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्य असलेल्या लोकांशी सहा ते आठ भेटींत बोलायला बसवलं. दिवसभरात एखादं छोटं, जमण्यासारखं काम ठरवायचं आणि ते करायचं, असा त्या बोलण्याचा गाभा होता. त्याचे चांगले निष्कर्ष 2017 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. अक्काला यातलं काही माहीत नाही, पण "आज फक्त अंगणातलं ऊन खाऊन ये" असं ती मला सांगायची तेव्हा ती तेच करत होती.

त्याला दवाखान्यात सोबत न्या

लोकांच्या मनात मनोरुग्णाचा दवाखाना म्हणजे येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. ही राज्यातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं, आणि "याला येरवड्याला धाडा" ही शिवी आपण लहानपणापासून ऐकत आलो. प्रत्यक्षात बहुतेकांना कधीच भरती व्हावं लागत नाही. जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये मानसोपचाराची ओपीडी असते, तिथं साध्या बाकड्यावर शिक्षक, शेतकरी, कॉलेजची पोरं, कडेवर लेकरू घेतलेल्या बाया आपापल्या नंबराची वाट बघत बसलेल्या असतात. अक्का त्या बाकड्यावर अर्धा तास बसली आणि बाहेर आल्यावर म्हणाली, "ही तर आपल्यासारखीच माणसं." माझ्या कितीही बोलण्यानं जे झालं नसतं ते त्या अर्ध्या तासात झालं.

आत जाताना डॉक्टरांना स्पष्ट सांगा की हिला माझ्यासमोर सगळं सांगायला माझी हरकत नाही, किंवा अमुक गोष्ट सोडून बाकी सांगा. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं तुमची माहिती गोपनीय ठेवणं बंधनकारक केलं आहे. जीव धोक्यात असण्यासारखे काही अपवाद सोडले तर तुमच्या संमतीशिवाय ती नवऱ्यालाही सांगता येत नाही.

तिथं बसलेले असताना गावातलं कुणी ओळखीचं दिसेल. मला दिसलं होतं, आमच्या संस्थेचे एक जुने ठेवीदार. मी पदर तोंडावर घेतला. त्यांनीही मान फिरवली. महिनाभरानं ते काउंटरवर आले, पासबुक पुढे सरकवलं आणि हळूच म्हणाले, "झोप लागते का आता?" मी म्हटलं, लागते. तुम्हाला? ते म्हणाले, थोडी थोडी.

घरातली मोठी माणसं

इथं वेळ लागतो. आत्यांनी पहिल्यांदा लिंबू उतरवलं, मग एका देवऋषीकडे न्यायचा हट्ट धरला. मी भांडले आणि भांडून काही मिळालं नाही. त्यांच्या दृष्टीनं सुनेसाठी काहीतरी करण्याचा त्यांना माहीत असलेला तो एकच रस्ता होता. शेवटी अक्कानं तोडगा काढला: अंगारा लावायचा, देवाला जायचं, पण गोळी एक दिवसही चुकवायची नाही. माझा अनुभव असा की श्रद्धेवर वाद घालायला गेलात तर गोळीही जाते आणि माणूसही जातो.

एक रेघ मात्र पक्की ओढा. भूत उतरवतो म्हणून कुणी मारहाण करत असेल, साखळीनं बांधत असेल, मिरचीची धुरी देत असेल, तर तो 2013 च्या राज्याच्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. तिथं घरच्यांचं मन राखायला जाऊ नका.

काही वाक्यं तुम्हाला ऐकावी लागतीलच. "तुला काय कमी आहे?" याचं उत्तर मी आता असं देते की कमी काहीच नाही, म्हणून तर डॉक्टरकडे गेले, परिस्थितीनं झालं असतं तर परिस्थिती बदलली असती. "मन घट्ट कर" म्हणणाऱ्याला विचारा, की साखर वाढल्यावर मामांनी मन घट्ट केलं की गोळी घेतली? साखरेचं आणि बीपीचं उदाहरण घराघरांत असतं, ते कामाला येतं. "या गोळ्यांची सवय लागते" ही भीती मात्र खरी धरून नीट बोला. झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांची सवय लागू शकते, म्हणून डॉक्टर त्या थोड्याच दिवसांसाठी देतात. नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्या तशा नाहीत. एकदम बंद केल्या तर चक्कर, बेचैनी असा त्रास होतो खरा, त्याचसाठी त्या पायरीपायरीनं कमी करतात. चिठ्ठी दाखवून कुठली गोळी कुठल्या प्रकारची हे डॉक्टरांकडूनच घरच्यांना ऐकवा.

"लोक काय म्हणतील" याला माझ्याकडे उत्तर नाही. लोक म्हणतात. आमच्याकडे वर्षभर म्हणत होते.

नोकरी, लग्न, विमा

नोकरीत सगळं सांगायची गरज नसते. रजेसाठी उपचार चालू असल्याचा दाखला पुरतो. मी फक्त माझ्या शाखाधिकाऱ्यांना सांगितलं, कारण सकाळची गोळी घेतल्यावर पहिला तास आकडे चुकायचे आणि रोकड माझ्या हातात होती. कामावर परिणाम होत असेल तिथं एका माणसाला सांगावं, नसेल तिथं नाही सांगितलं तरी लपवाछपवी होत नाही.

लग्नाआधी मात्र सांगावं, आणि मध्यस्थामार्फत नको, स्वतः. नुसत्या मानसिक आजारानं लग्न बेकायदा ठरत नाही, पण लपवलेली गोष्ट पुढे कोर्टात फसवणूक म्हणून उभी राहू शकते. त्याहून मोठं कारण असं की लपवलं की गोळ्या लपवाव्या लागतात आणि लपवलेल्या गोळ्या चुकतात.

विमा कंपनीनं मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरलं पाहिजे, असं 2017 चा कायदा सांगतो. क्लेम नुसता "मानसिक आहे" म्हणून नाकारला तर लेखी कारण मागा. त्याच कायद्यानं प्रत्येक सज्ञान माणसाला आगाऊ लिहून ठेवता येतं, की मी निर्णय घेण्याच्या अवस्थेत नसेन तेव्हा माझ्यावर कसे उपचार करावेत, कसे करू नयेत, आणि माझ्या वतीनं कोण बोलेल. बरे असताना हे करून ठेवा. माझ्या वतीनं बोलणारी अक्का आहे.

घरात कुणीच ऐकत नसेल तर

असंही होतं आणि त्यात तुमचं काही कमी पडलेलं नसतं. अशा वेळी आधी बाहेर माणूस शोधा, घर नंतर बघू. 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे. केंद्र सरकारनं ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू केलेली ही सेवा फुकट आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. ठाण्याला आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ), पुण्याला स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन अशा संस्था आहेत, त्यांचं बरंच काम रुग्ण आणि घरच्यांना एकत्र आणण्याचं आहे. जो स्वतः यातून गेलाय त्याला तुमचा तास समजावून सांगावा लागत नाही.

आणि जगूच नये असं वाटत असेल तर या लेखातला क्रम, तयारी, सगळं बाजूला ठेवा. जो माणूस जवळ असेल त्याला तसंच्या तसं सांगा, 14416 लावा किंवा सरळ जवळच्या दवाखान्यात जा, गाडीसाठी 108. घरच्यांसाठी: "तुला जीव द्यावासा वाटतो का?" असं स्पष्ट विचारल्यानं तो विचार डोक्यात येत नाही, उलट मन मोकळं व्हायला वाट मिळते. शेतघरातली फवारणीची औषधं कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या, गोळ्यांचा साठाही घरातल्या कुणाकडे राहू द्या. कुणी तसं काही केलंच तर पोलीस केस होईल या भीतीनं दवाखान्यात न्यायला एक मिनिटही उशीर करू नका. तो माणूस प्रचंड तणावाखाली होता असं धरून शिक्षेपासून संरक्षण द्यायचं, अशी तरतूद 2017 च्या कायद्यात आहे.

बरं वाटू लागल्यावर एक कागद

हा आजार परत येऊ शकतो, आणि येताना तो आपल्याआधी घरच्यांना दिसतो. म्हणून बरे असताना घरच्यांना विचारा, की मी बिघडायला लागले तेव्हा तुम्हाला आधी काय दिसलं होतं? ते लिहा आणि ठेवा. अशी दोन लक्षणं आठवडाभर दिसली तर मला न विचारता डॉक्टरांची वेळ घ्यायची, असा आमचा करार आहे. 2019 मध्ये तो एकदा उपयोगी पडला; त्या वेळी मोरीत उभं राहण्यापर्यंत गोष्ट गेलीच नाही.

आमचा कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. अक्काच्या मोठाल्या अक्षरात चार ओळी आहेत. चहा अर्धा ठेवते. माहेरचा फोन उचलत नाही. केस विंचरत नाही, नुसते बांधते. "काही नाही गं" असं दिवसातून तीनदा म्हणते. त्याखाली डॉक्टरांचा नंबर. पाचवी ओळ नंतरची आहे, धाकटीच्या अक्षरात. आत्यांनी सांगितली आणि तिनं लिहिली: तुळशीला पाणी घालते, पण तिथं थांबत नाही.